घसा कोरडा पडतो तेव्हा



तुमच्यातले काही जण लवकरच पीएच.डी.च्या मुलाखतीला बसतील. म्हणून आज सिद्धांत बाजूला ठेवतो आणि माझी फजिती सांगतो.

महाराष्ट्राबाहेरच्या एका विद्यापीठात मी मुलाखतीला गेलो होतो. टेबलापलीकडे पाच जण. माझ्या संशोधनाच्या आराखड्यावर एकही प्रश्न नाही. एकांनी विचारलं, "पूर्ण नाव सांगा. वडील काय करतात?" म्हटलं, "वीटभट्टीवर कामाला आहेत." पुढचा प्रश्न, "यादीत कितवा नंबर? कोट्यातूनच ना?" माझे कान तापले, घसा कोरडा पडला. मी तावातावानं आरक्षणावर बोलू लागलो. वाक्यं एकमेकांत अडकली. दोन वर्षं अभ्यासलेला विषय तोंडातून निघालाच नाही. बाहेर आल्यावर कळलं, त्यांनी मला माझ्या विषयापासून लांब नेलं आणि मीही गेलो.

राग खोटा नव्हता. पण घरी मी दोनच वाटा पाहिल्या होत्या. साहेबापुढे आबा मान खाली घालायचे, आणि फारच झालं की काम सोडून यायचे. तिसरी वाट मला शिकवणारं घरात कोणी नव्हतं. तुमच्याही बऱ्याच घरांत नसेल.

ती वाट मला एका साक्षीत सापडली. २३ ऑक्टोबर १९२८ रोजी पुण्यात बाबासाहेबांनी सायमन आयोगापुढे साक्ष दिली. वय ३७. बहिष्कृत हितकारिणी सभेचं लेखी निवेदन आधीच दिलेलं होतं. समोरून उलटसुलट प्रश्न येतात आणि ते पुन्हा आपल्या मागणीवर येतात. इंग्रजी खंड २ मध्ये ही साक्ष आहे, जरूर वाचा. मला उमगलं ते एवढंच : शांतपणा तयारीतून येतो.

पुढच्या मुलाखतीआधी मी माझा विषय चार वाक्यांत बसवला. वसतिगृहातल्या मित्राला म्हटलं, तू मुद्दाम टोचून विचार. आठवडाभर तो टोचत राहिला. प्रश्न आला की आधी श्वास सावकाश सोडायचा, मग बोलायचं, ही सवय लावली. आणि तोच प्रश्न खरोखर आला! मी म्हणालो, "हो सर, राखीव जागेसाठी अर्ज आहे. संविधानानं दिलेला हक्क आहे. आता आराखड्यातल्या दुसऱ्या प्रकरणाविषयी सांगू का?" दोन क्षण खोली गप्प झाली. मग एक मॅडम म्हणाल्या, "सांगा."

मित्रांनो, शांत राहायचं म्हणजे अपमान गिळायचा असं समजू नका. बाहेर येताच तारीख, वेळ आणि नेमके शब्द कागदावर उतरवा. सोबत कोणी असेल तर त्याला लगेच सांगा. यूजीसीनं २०१२ मध्ये समतेची नियमावली काढली. समान संधी कक्ष त्यातच आलेला आहे. तिथे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. खोलीत विषय बोला, अपमानाचा हिशेब कागदावर मागा.

निवड झाली की नाही, ते सांगून टाळ्या घेत नाही. त्या संध्याकाळी आबांचा फोन आला. त्यांनी निकाल विचारलाच नाही. म्हणाले, "बोललास का रे?"

म्हटलं, "बोललो, आबा. सगळं बोललो."

जय भीम! जय संविधान!