विजेचा दुसरा हिशेब मांडणारा पत्रकार

महाबळेश्वरच्या देवळात ज्या पाच नद्यांचे उगम दाखविले जातात, त्यांतील कोयनेची वाट निराळी आहे. वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या माथ्यावरून ती दक्षिणेस जाते, शिवसागर जलाशयात अडविली जाते आणि सह्याद्री पोखरून काढलेल्या बोगद्यांतून तिचे पाणी वीज देऊन पश्चिमेस कोकणात उतरते. सुमारे १,९६० मेगावॉट क्षमतेचा हा प्रकल्प महाराष्ट्राच्या उद्योगांचा आधार ठरला. परंतु ज्यांची गावे पाण्याखाली गेली, त्यांच्या वाट्याला काय आले, हाही त्या हिशेबाचाच भाग होय.

असा दुहेरी हिशेब वाचकांपुढे मांडण्यात मुंबईचे पत्रकार डॅरिल डिमॉन्टे यांनी हयात घालविली. ऊर्जेची बातमी म्हणजे मेगावॉटचे आकडे आणि उद्‌घाटनाची छायाचित्रे, असा तो काळ. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाच्या नावातच प्रश्न आहे : ही मंदिरे की थडगी? धरणे व कारखाने यांना पंडित नेहरूंनी नव्या भारताची मंदिरे म्हटले होते, त्याचा हा संदर्भ.

ग्रंथात तीन वाद तपासले आहेत. मथुरेच्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या धुराने ताजमहालाचा संगमरवर धोक्यात येईल काय, हा एक. दुसरा आपल्या घरचा, अलिबागजवळील थळ-वायशेतचा. समुद्रातून मिळणाऱ्या नैसर्गिक वायूवर खत करावयाचे, हे ठीक. पण आधीच दाटलेल्या मुंबईच्या इतक्या निकट का? वाद झाला, तरी कारखाना तेथेच उभा राहिला.

तिसरा केरळातील सायलेंट व्हॅलीचा. तेथील जलविद्युत प्रकल्पात सुमारे ८३० हेक्टर क्षेत्र बुडणार होते. केरळ शास्त्र साहित्य परिषदेच्या शिक्षक-कार्यकर्त्यांनी केवळ जंगलाची महती गायिली नाही. विजेची गरज अन्य मार्गाने कशी भागेल, याचीही आकडेमोड केली. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनी आवाज उठविला. १९८३ मध्ये प्रकल्प सोडण्यात आला. प्रश्न वेळेत विचारला गेला होता, हे येथे महत्त्वाचे. धरणाची भिंत उभी राहिल्यावर पत्रकाराच्या हाती उरतो तो फक्त पुनर्वसनाचा वृत्तांत.

डिमॉन्टे दोन मोठ्या इंग्रजी दैनिकांचे मुंबईतील निवासी संपादक होते. संपादकाच्या खुर्चीत बसूनही या विषयाचा पाठपुरावा त्यांनी सोडला नाही, हे विरळाच. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या पर्यावरण पत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे ते संस्थापक अध्यक्ष. गिरण्यांच्या ऱ्हासावरही त्यांनी ग्रंथ लिहिला. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे. बांधकाम, वृक्षतोड, पाणीपुरवठा यांचे कागद येथील कार्यालयांत येतात. स्थानिक वार्ताहर ते पाहावयास आला, तर निर्णयाआधी दाखवावयाचे की नंतर, हे तेथे बसणाऱ्यांना ठरवावे लागेल.