सात कार्बनचं तेल

रोजाच्या दिवशी दुपारी तुमच्या शरीरात काय चाललेलं असतं? सहरीतली साखर वापरून झालेली असते, यकृतातला साठा उतरत असतो आणि शरीर हळूहळू चरबी जाळू लागतं. काही मुलांना जन्मापासून हे जमत नाही. तूप, तेल, मटण यांतल्या चरबीच्या साखळ्या लांब, बहुतेक 16 किंवा 18 कार्बनच्या असतात. त्या पेशीच्या भट्टीत नेणारं किंवा तिथे तोडणारं एखादं एन्झाइम या मुलांत सदोष असतं. उपाशी राहिलं की साखर कोसळते, स्नायू झिजतात, हृदयही दुबळं होऊ शकतं.

मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. पण यावरचं ट्रायहेप्टॅनॉइन हे औषध मला फार आवडलं. अमेरिकेत त्याला जून 2020 मध्ये मान्यता मिळाली. औषध म्हणजे चक्क तेल! ग्लिसरॉलला 7 कार्बनच्या तीन साखळ्या जोडलेल्या.

आतड्यात स्वादुपिंडाचा रस त्या साखळ्या सुट्या करतो. म्हणून ज्याचं स्वादुपिंड नीट चालत नाही, त्याला हे तेल नीट लागू पडत नाही. सुटलेली साखळी आखूड असल्यामुळे बिघडलेला दरवाजा टाळून थेट भट्टीत शिरते.

पण आखूड साखळीचं एमसीटी तेल आधीपासून होतंच. मग नवीन काय? त्यात 8 आणि 10 कार्बन. तोडले की दोन-दोनचेच तुकडे पडतात. ते जाळायला क्रेब्स चक्रातले काही रेणू लागतात, आणि आजारात त्यांचाच तुटवडा पडतो असं मानतात. सात विषम आहे: दोन, दोन आणि तीन. तो तीनचा तुकडा जीवनसत्त्व बी 12 आणि बायोटिनच्या मदतीने चक्रातला रेणू बनतो. म्हणजे सरपण आणि भट्टीची डागडुजी एकाच तेलातून. यकृत यातून 5 कार्बनचे कीटोनही बनवतं, ते रक्तातून इतर अवयवांकडे जातात.

हा पुरवठा लवकर संपतो. म्हणून तेल दिवसातून किमान 4 वेळा, खाण्यात कालवून घ्यायचं. दिवसाच्या उष्मांकाच्या 35 टक्क्यांपर्यंत. पीव्हीसीच्या नळीतून ते द्यायचं नाही, नळी खराब होते. आणि जनुक आहे तसंच राहतं.

हे जनुक आई-वडील दोघांकडून यावं लागतं. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात 4 पैकी 1 शक्यता. खालाच्या, फूफीच्या मुलांशी लग्न केलं तर दोघांकडे तेच जनुक असण्याची शक्यता वाढते. मामाची मुलगी करणारी हिंदू घरंही आहेत, तेव्हा हा एकट्या आपला प्रश्न नाही. पण आपल्या घरात तो आपणच काढायला हवा. लग्नाआधी, कुटुंबात लहानपणी दगावलेलं मूल होतं का, एवढं तरी विचारा.

आणि अशा मुलाला प्रेमाने म्हटलं जातं, “पूर्ण नको, दुपारपर्यंत तरी रोजा धर.” सवलत दीनने दिलेलीच आहे. धोका सुरू होतो तो नेमका दुपारपर्यंतच.