अकरावी-बारावीचे रसायनशास्त्र आणि आपली मुले

(शिरूर येथील विद्यार्थी-गौरव समारंभात केलेले भाषण)



दहावीत यश संपादन केलेल्या आपल्या मुलामुलींचे कौतुक करण्यासाठी आपण येथे जमलो आहोत. शिरूरची मंडळी आहेतच. भीमा ओलांडून दौंडकडील कुटुंबेही अगत्याने आली आहेत. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकविले. तेव्हा विज्ञानशाखेकडे जाणाऱ्या मुलांशी, आणि त्याहूनही अधिक त्यांच्या पालकांशी, त्या विषयावर चार शब्द बोलावे अशी आज्ञा मला झाली आहे.

अकरावीत गेलेल्या मुलास पहिली अडचण येते ती भाषेची. आम्ल, आम्लारी, क्षार हे ओळखीचे शब्द एकाएकी नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी इंग्रजी नावे येतात. मुलास वाटते, आपणास काहीच येत नाही. हा भ्रम आहे. नाव बदलले म्हणून पदार्थ बदलत नाही. बाळाजी प्रभाकर मोडक यांनी एकोणिसाव्या शतकातच रसायनशास्त्रावर मराठीत ग्रंथ लिहिले होते. मग आपण मराठीत समजून घेऊन इंग्रजीत लिहावयास का भ्यावे?

शिवाय हे शास्त्र आपल्या घरापासून दूर नाही. दौंड तालुक्यातील गुऱ्हाळ ज्याने पाहिले आहे, त्याने रसायनशास्त्राचा पहिला धडा पाहिलेला आहे. उसाचा रस मुळात किंचित आम्लधर्मी असतो. गुळव्या काहिलीत बेताने चुन्याची निवळी घालतो, आम्लता कमी होते आणि मळी वर येते. चुना कमी पडला तर आम्लामुळे साखरेचे विघटन होऊन गूळ मऊ राहतो. जास्त पडला तर तो काळपट होतो. गुळव्याच्या हाताला जे कळते, तेच पुस्तकात उदासिनीकरण या नावाने शिकवितात. पाण्याच्या अतिवापराने चोपण झालेल्या जमिनीत जिप्सम घालतात, त्यातही हेच शास्त्र आहे: जिप्सममधील कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची जागा घेते आणि निचऱ्याने सोडियम वाहून जातो. शेतकऱ्याच्या मुलाने हा विषय परका का मानावा?

आता जे सांगण्यासाठी मी उभा राहिलो, ते सांगतो. ती माझ्या स्वतःच्या चुकीची कथा आहे.

बारावीच्या रसायनशास्त्राच्या शंभर गुणांपैकी सत्तर लेखी परीक्षेस आणि तीस प्रात्यक्षिकास असतात. मी शिकवीत असताना काही वर्षे असा प्रघात पडला होता की, मुलांनी दिवसभर प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीस बसावे, महाविद्यालयात केवळ नाव असावे आणि वर्षअखेरीस एकमेकांच्या वह्या उतरवून आणाव्यात. त्या वह्यांवर मी सह्या केल्या. न केलेल्या प्रयोगांची वाचने त्यांत सुबक अक्षरांत लिहिलेली होती. मला ते दिसत होते. पण पालक नाराज होतील, मुलाचे वर्ष जाईल, असे म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

पुढे त्यांतीलच एक विद्यार्थी पदवी घेऊन कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत, एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागला. काही महिन्यांनी तो मला भेटावयास आला. माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "सर, मला ब्युरेट वाचता येत नव्हते. सोबतच्या मुलांकडून चोरून शिकलो. तुम्ही एकदा जरी वही परत केली असती, तर बरे झाले असते." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते मला अधिक लागले.

पालकहो, वैद्यकीय प्रवेशासाठीच्या नीट परीक्षेत 720 पैकी 180 गुण रसायनशास्त्राचे असतात. तेथे प्रात्यक्षिक नसते. राज्याच्या सीईटीतही नसते. त्यामुळे प्रयोगशाळेत घालविलेला वेळ वाया गेला असे आपणास वाटते. कर्ज काढून शिकवणीचे शुल्क भरणाऱ्या बापाची तळमळ मी जाणतो. शिकवणी लावू नका, असे मी म्हणत नाही. परंतु त्या परीक्षेत सर्वांनाच प्रवेश मिळत नाही, आणि न मिळालेल्या मुलाच्या हाती जर कौशल्यही नसेल, तर त्याची दोन वर्षे दोन्हीकडून गेली.

परमँगनेटचे अनुमापन करणारा विद्यार्थी काय शिकतो? ऑक्झॅलिक आम्ल साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवावे लागते, सल्फ्युरिक आम्ल कमी पडले तर तपकिरी गाळ येतो, आणि फिकट गुलाबी रंग टिकविणारा शेवटचा थेंब घाई करणाऱ्यास कधीच सापडत नाही. दोन वाचने जुळली नाहीत तर तिसरे घ्यावे, ते जुळवून लिहू नये. धीर आणि खरेपणा यांची ही शिकवण कोणत्याही छापील टिपणांत मिळत नाही.

मुलींच्या पालकांस एक निराळी विनंती आहे. कमला भागवत, म्हणजे पुढील काळातील कमला सोहोनी, 1933 साली बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत गेल्या, तेव्हा केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. त्या हटल्या नाहीत. प्रवेश मिळवून त्यांनी आपली योग्यता सिद्ध केली आणि 1939 साली केंब्रिजची डॉक्टरेट घेतली. मायदेशी परतल्यावर त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले. त्यांच्यासाठी बंद असलेले दार आज आपल्या मुलींसाठी उघडे आहे. प्रयोगास उशीर होतो आणि शेवटची एसटी चुकते, एवढ्या कारणासाठी आपण ते आपल्या हातांनी लावू नये. मुलीस आणावयास कोणी तरी थांब्यावर जावे.

विद्यार्थिमित्रहो, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा 3 जानेवारी 1950 रोजी राष्ट्रास अर्पण झाली. शिरूर किंवा दौंडहून ती काही तासांच्या अंतरावर आहे. पण तेथे जाणारा रस्ता तुमच्या महाविद्यालयातील ओट्यापासून सुरू होतो. डोळ्यांस चष्मा लावा, पिपेट तोंडाने ओढू नका, आणि जे दिसले तेच वहीत लिहा. तुमच्या शिक्षकाने न केलेल्या प्रयोगाची वही परत केली, तर त्याच्यावर रागावू नका. मी ती परत केली नाही, याची खंत मला आजही आहे.