धान्याचे कोठार आणि चिखलातले पाऊल

(पापनाशम् येथे अभ्यासदौऱ्यावर आलेल्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपण ज्या पापनाशम् गावी जमलो आहोत, ते कुंभकोणम् आणि तंजावर यांच्या दरम्यान वसलेले तालुक्याचे ठिकाण आहे. येथील तिरुप्पालैत्तुरै मंदिराच्या आवारातील विटांचे धान्यकोठार आपण सकाळी पाहिलेत. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, नायक राजवटीत ते बांधले गेले. त्यात ३००० कलम धान्य मावत असे. या कोठाराच्या साक्षीने मी आज दोन प्रश्नांचा विचार मांडणार आहे. भाताचे उत्पादन कसे वाढले, हा पहिला. ते धान्य पिकवणाऱ्याच्या पायांचे काय झाले, हा दुसरा.

हे दोन प्रश्न कुंभकोणम् येथील एकाच घरात एकत्र आले होते. डॉ. एम. के. सांबशिवन हे तेथील शल्यचिकित्सक. हत्तीरोगाने ग्रासलेल्या या नगरात डासांच्या उत्पत्तिस्थानांचा नाश करण्यासाठी त्यांनी नागरिकांना संघटित केले. त्यांचे पुत्र एम. एस. स्वामिनाथन यांचा जन्म ७ ऑगस्ट १९२५ रोजी झाला. मुलाने वैद्यक शिकावे अशी घरच्यांची अपेक्षा होती. परंतु १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाने त्यांना कृषिविज्ञानाकडे वळवले. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर ‘भारतरत्न’ देण्यात आले.

उत्पादनवाढीची वाटचाल

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात कुरुवै, सांबा आणि तालडी असे भाताचे तीन हंगाम आहेत. १९३४ मध्ये पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणातून १२ जूनला पाणी सोडण्याचा प्रघात आहे. त्या पाण्यावर कुरुवै अवलंबून असते. कुंभकोणम् जवळच्या आडुतुरै येथे १९२२ पासून भातसंशोधन चालू आहे. कटक येथील केंद्रीय भात संशोधन संस्थेत इंडिका आणि जपोनिका भातांच्या संकराचा कार्यक्रम चालत असे. १९५४ मध्ये स्वामिनाथन यांनी काही काळ त्यात काम केले. त्याच कार्यक्रमातून पुढे आलेला एडीटी-२७ हा वाण १९६० च्या दशकात तंजावर भागात झपाट्याने पसरला.

या संकरामागील विचार सोपा होता. उंच देशी भाताला अधिक खत दिले की तो लोळत असे. खत पचवून दाणा भरणारे, ताठ उभे राहणारे रोप हवे होते. १९६६ मध्ये आलेल्या आयआर-८ या बुटक्या वाणाने ही गरज अधिक यशस्वीपणे भागवली. पुढे प्रश्न बदलले. ओडिशातील एका देशी वाणात पुराखाली तग धरण्याचा गुण होता. त्यास कारणीभूत असलेले सब-१ए जनुक २००६ मध्ये ओळखले गेले. २००९ मध्ये भारतात आलेला स्वर्णा-सब-१ हा वाण सुमारे दोन आठवडे पाण्याखाली राहूनही सावरतो.

लागवडीची पद्धतही महत्त्वाची आहे. मादागास्करमध्ये विकसित झालेल्या ‘श्री’ पद्धतीत सुमारे १४ दिवसांचे एकेक रोप २५ बाय २५ सें.मी. अंतरावर लावतात आणि शेत आलटून पालटून ओले व कोरडे ठेवतात. बियाणे व पाणी यांची बचत होते. मात्र तणनियंत्रणाचे श्रम वाढतात. उत्पादनवाढीच्या दाव्यांबाबत शास्त्रज्ञांमध्ये मतभेद आहेत, हेही लक्षात ठेवा. महाराष्ट्रातील चारसूत्री लागवडीत पिकाच्या अवशेषांचा वापर, गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपी ब्रिकेट या चार गोष्टींवर भर आहे.

रोग, औषध आणि स्वयंकाळजी

आता दुसरा प्रश्न. हत्तीरोगाचा मुख्य कृमी वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टाय. क्युलेक्स क्विन्क्विफॅसिएटस हा डास तो पसरवतो. हा डास प्रामुख्याने गटारे व तुंबलेल्या घाण पाण्यात वाढतो. भातखाचरांतील क्युलेक्स ट्रायटीनियोरिंकस हा डास जपानी मेंदूज्वराशी संबंधित आहे. परीक्षेत या दोहोंची गल्लत करू नका. हत्तीरोगाचा दोष भाताच्या शेतावर टाकणे शास्त्रीय दृष्ट्या चुकीचे आहे. नगरातील सांडपाण्याची व्यवस्था हे खरे कारण. सांबशिवन यांनी नागरिकांना हाक दिली ती म्हणूनच.

१९५५ मध्ये राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. २००४ पासून वर्षातून एकदा सामुदायिक औषधोपचार देशव्यापी झाला. २०१८ पासून काही जिल्ह्यांत तीन औषधांचा उपचार आला. निर्मूलनासाठी २०२७ हे लक्ष्य ठरवण्यात आले. परंतु ही औषधे मुख्यतः रक्तातील सूक्ष्मकृमी नष्ट करून प्रसार थांबवतात. एकदा सुजून जाड झालेला पाय त्यांनी पूर्ववत होत नाही.

येथेच संशोधनाने मोलाची भर घातली. रुग्णाला वारंवार येणारा ताप आणि पायाची आग यांचे कारण केवळ कृमी मानले जात असे. १९९० च्या दशकात ब्राझीलमधील रेसिफे येथे डॉ. गेरुसा ड्रेयर व सहकाऱ्यांच्या अभ्यासातून दिसले की, यांतील बहुतेक आघात बोटांच्या बेचक्यांतील भेगांतून शिरणाऱ्या जीवाणूंमुळे होतात. मग उपाय रुग्णाच्या हाती आला: पाय रोज साबण व स्वच्छ पाण्याने धुणे, बोटांमधील जागा कोरडी करणे, भेगांवर मलम लावणे, बसताना पाय उंच ठेवणे, साधे व्यायाम आणि योग्य पादत्राणे. आघात कमी झाले की सूज वाढण्याचे एक मोठे कारण दूर होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००० मध्ये सुरू केलेल्या जागतिक कार्यक्रमात म्हणूनच औषधोपचाराबरोबर रुग्णांची काळजी हा दुसरा आधारस्तंभ आहे.

दोन्ही प्रश्नांचा संगम

आपल्या पूर्व विदर्भाकडे पाहा. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हे धानाचे जिल्हे आणि हत्तीरोगाचेही. रोवणीच्या दिवसांत तासन् तास चिखलात उभ्या राहणाऱ्या स्त्रीला ‘पाय कोरडा ठेवा’ असे सांगणे सोपे; पाळणे कठीण. सुजलेल्या पायाने ती रोवणीला गेली नाही, तर मजुरी बुडते. गेली, तर भेगा वाढतात. हेक्टरी उत्पादनाच्या आकड्यात हा हिशेब दिसत नाही.

म्हणून स्वयंकाळजीचा अर्थ रुग्णाला एकटे सोडणे असा घेऊ नये. साबण, मलम, स्वच्छ पाणी, पादत्राणे, आशा कार्यकर्तीची भेट आणि आघाताच्या दिवसांत पर्यायी काम यांची सोय समाजाने व शासनाने केली, तरच शास्त्राने सांगितलेली काळजी घेता येते. अंडवृद्धीच्या रुग्णांना शस्त्रक्रियाही सहज उपलब्ध हवी. तसेच लावणीची यंत्रे वा कोरड्या जमिनीत पेरणीच्या पद्धती निवडताना पाणी व उत्पन्न यांबरोबर श्रमिकाचे आरोग्य हाही निकष असावा. मात्र त्यांमुळे रोजगार कोणाचा जातो, हेही तपासावे.

तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी यांनी येथे धन्वंतरी महाल उभारून वैद्यकाचा अभ्यास व उपचार यांना आश्रय दिला. ज्ञान आणि लोकहित यांची सांगड या भूमीला नवी नाही. उद्या आपल्यापैकी काही जण प्रशासनात जातील. जिल्ह्याचा पीक अहवाल आणि आरोग्य अहवाल आपल्या मेजावर वेगवेगळ्या विभागांतून येतील. ते दोन्ही एकत्र वाचण्याची सवय आपण आजपासूनच लावून घ्यावी, एवढीच विनंती करून मी थांबतो.