नळालाही फुलं



इंग्लंडच्या मधोमध डार्बीशर नावाचा परगणा आहे. त्यातला डोंगराळ मुलूख म्हणजे पीक डिस्ट्रिक्ट, १९५१ साली जाहीर झालेलं ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. हिरव्या टेकड्या, दगडी बांध, मेंढ्यांचे कळप. पाऊसही चांगला. तरीही इथल्या गावांनी पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या पायपीट केली, कारण पायाखालचा खडक चुनखडीचा. त्याच्या भेगांतून पाणी झिरपून जातं. वरचा ओढा वाहता वाहता जमिनीत गडप होतो आणि दूर कुठेतरी झरा होऊन वर येतो. जिथे झरा तिथे वस्ती, आणि झरा आटला की गावाची दाणादाण.

या गावांमध्ये दर वर्षी मे ते सप्टेंबर या काळात आळीपाळीने एक सोहळा होतो. त्याचं नाव वेल ड्रेसिंग, म्हणजे विहीर सजवणं. गावातल्या झऱ्यांवर आणि विहिरींवर फुलांच्या पाकळ्यांची माणसाच्या उंचीहूनही मोठी चित्रं उभारली जातात. चित्रं काढणारे बहुतेक जण चित्रकार नसतात. शाळेतली मुलं, शेतकरी, दुकानदार, निवृत्त मंडळी असे गावातलेच लोक हे काम करतात. चित्र आठवडाभर टिकतं. मग ते उतरवायचं आणि पुढच्या वर्षी नवं करायचं.

या मोसमाची सुरुवात टिसिंग्टन या लहानशा गावापासून होते. ईस्टरनंतर सुमारे सहा आठवड्यांनी, येशूच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारी, तिथले झरे सजतात. धर्मगुरू आणि गावकरी एका झऱ्याकडून दुसऱ्याकडे चालत जातात आणि प्रत्येक ठिकाणी पाण्यासाठी प्रार्थना होते.

हे चित्र तयार कसं होतं, ते जरा जवळून पाहू. आधी लाकडाच्या मोठ्या, उथळ चौकटी तळ्यात किंवा नदीत काही दिवस बुडवून ठेवतात. लाकूड कोरडं राहिलं तर ते मातीतला ओलावा ओढून घेणार आणि माती तडकणार, म्हणून ही खबरदारी. चौकटीच्या तळाला असंख्य खिळे ठोकलेले असतात, ते मातीला धरून ठेवतात. चिकणमातीत पाणी आणि मीठ घालून ती मळतात. मिठामुळे ओल टिकते. पूर्वी ही माती पायांनी तुडवत, काही ठिकाणी आजही तुडवतात. इंचभर जाडीचा थर चौकटीत लिंपून तो हाताने गुळगुळीत करतात. त्यावर कागदावरचं रेखाटन अंथरायचं आणि टाचणीने रेषेवर भोकं पाडत जायचं. कागद उचलला की मातीवर ठिपक्यांची रेघ उमटलेली दिसते.

आता त्या रेघेवर आल्डर नावाच्या झाडाची बारीक काळी बोंडं एकेक करून टोचायची. हे झाड ओलीच्या जागी, ओढ्याकाठी वाढतं. काही ठिकाणी बोंडांऐवजी कॉफीच्या बिया लावतात. बाह्यरेषा पुरी झाली की शेवाळ, दगडफूल, पानं, बिया आणि झाडांच्या साली यांनी मोठे भाग भरायचे. पाकळ्या लवकर कोमेजतात, म्हणून त्यांचा नंबर सर्वांत शेवटी. त्या लावायच्या खालून वर. छपरावर कौलं चढवावीत तशी वरची पाकळी खालचीवर थोडी यावी लागते, म्हणजे पावसाचं पाणी चित्रात न शिरता घरंगळून जातं. एका चित्राला हजारो पाकळ्या लागतात. गावातल्या एखाद्या कोठारात चार-पाच जण चौकटीभोवती वाकून रात्री उशिरापर्यंत बसतात. आजीच्या शेजारी नात बसते आणि बोटाच्या टोकाने पाकळी किती दाबायची, ते तिथेच शिकते.

रंग कोणते वापरायचे, हे बऱ्याच अंशी परिसर ठरवतो. मे महिन्यात फुलतं ते टिसिंग्टनला मिळतं. ऑगस्टमध्ये ज्या गावाची पाळी असते, त्याला हायड्रेंजियाचे निळे-गुलाबी गुच्छ हाताशी येतात. बार्लो गावाची रीत आणखी वेगळी. तिथे पाकळ्या न तोडता अख्खी फुलं लावतात. जुन्या शिस्तीप्रमाणे चित्रात निसर्गातलीच वस्तू हवी, प्लॅस्टिक चालत नाही. त्यामुळे दगडफूल कोणत्या भिंतीवर वाढतं, आल्डरची बोंडं कोणत्या ओढ्याकाठी सापडतात, यंदा कुठलं फूल उशिरा आलं, याची खबर ठेवणारी माणसं प्रत्येक गावात असतात. शिवाराची इतकी बारीक माहिती या कामातूनच एका पिढीकडून दुसरीकडे जाते.

या प्रथेचा उगम कुठला? टिसिंग्टनमध्ये दोन कथा सांगतात. चौदाव्या शतकात, १३४८-४९ च्या सुमाराला, ‘काळा मृत्यू’ म्हणून ओळखली जाणारी महामारी आली. आसपासची गावं ओस पडली, पण टिसिंग्टनची माणसं वाचली, ती झऱ्यांच्या शुद्ध पाण्यामुळे, असं पहिली कथा सांगते. दुसरी कथा १६१५ च्या अवर्षणाची. त्या वर्षी सगळीकडे पाणी आटलं, पण टिसिंग्टनचे झरे वाहत राहिले आणि शेजारची गावं तिथून पाणी नेऊन जगली. पाण्याच्या पूजेची मुळं याहूनही जुनी असावीत. अकराव्या शतकात राजा कॅन्यूटच्या कायद्याने झरे, दगड आणि झाडं यांची पूजा करायला बंदी घातली होती. लोक पूजा करत होते म्हणूनच बंदी घालावी लागली, हे उघड आहे. टिसिंग्टनचे झरे हारांनी सजवल्याची नोंद १७५८ ची आहे. मातीच्या चौकटी आल्या त्या एकोणिसाव्या शतकात.

याच मुलखात ईम नावाचं गाव आहे. १६६५ मध्ये लंडनहून आलेल्या कापडाच्या गठ्ठ्याबरोबर तिथे प्लेग पोहोचला. साथ आसपास पसरू नये म्हणून धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन यांच्या सांगण्यावरून गावाने स्वतःला कोंडून घेतलं. सुमारे २६० माणसं दगावली. शेजारच्या गावांचे लोक वेशीवर अन्न आणून ठेवत. त्यातली एक जागा म्हणजे डोंगरावरचा झरा. ईमकर आपली नाणी त्या पाण्यात ठेवत, पाण्याने ती निर्दोष होतील या आशेने. तो झरा आज मॉम्पेसनच्याच नावाने ओळखला जातो आणि ईमही दर उन्हाळ्यात आपल्या विहिरी सजवतं.

श्रोतेहो, या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा आला तो नळाबरोबर. एकोणिसाव्या शतकात या गावांत पाइपातून पाणी येऊ लागलं. वर्क्सवर्थला १८२७ मध्ये, यूलग्रेव्हला १८२९ मध्ये. बक्स्टनच्या बाजारात ड्यूक ऑफ डेव्हनशरने कारंज्यापर्यंत पाणी आणून दिलं आणि १८४० मध्ये तिथे सजावट सुरू झाली. झऱ्यावर जायची गरज संपल्यावर झऱ्याचा सोहळाही संपायला हवा होता, पण झालं ते उलटंच. लोकांनी नळ सजवले. वर्क्सवर्थमध्ये तर या सोहळ्याला नळांची सजावट असंच म्हणत. पाणी खडकातून आलं काय आणि लोखंडी नळातून आलं काय, ते आपल्यापर्यंत पोहोचलं याचा आनंद गावाने तसाच मानला.

यूलग्रेव्हचं उदाहरण विशेष आहे. हे गाव उंचावर आहे आणि नदी खाली दरीत. तिथून पाणी वाहून आणणं म्हणजे रोजची चढण. १८२९ मध्ये एका झऱ्याचं पाणी पाइपाने गावाच्या मध्यभागी असलेल्या गोल दगडी टाकीत आलं आणि त्याच वर्षी ती सजली. ती टाकी आजही उभी आहे. गावाची स्वतःची पाणीपुरवठा कंपनीही अजून चालू आहे. आपलं पाणी कुठून येतं, हे त्या गावाला कुणी शिकवावं लागत नाही.

आता आपल्याकडे पाहू. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातही पाणी भेगाभेगांतूनच सापडतं आणि आपल्या पूर्वजांनी त्याचा मान राखला. विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले साती आसरांचे सात दगड आजही ठिकठिकाणी दिसतात. बाळंतीण घराबाहेर पडली की आधी विहिरीवर जाऊन हळदीकुंकू वाहते, ही रीत अजून पुष्कळ घरांत आहे. साताऱ्याजवळ लिंब इथे अठराव्या शतकात, शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधवून घेतलेली बारा मोटांची विहीर आहे. तिचं कोरीवकाम पाहिलं की पाण्याची जागा सुंदर असलीच पाहिजे, असं मानणारा तो काळ होता याची खात्री पटते.

मग नळ आला आणि आपण विहिरीकडे पाठ फिरवली. कित्येक आड बुजले, कित्येक बारवा कचऱ्याने भरल्या. सुदैवाने अलीकडे वारं फिरतं आहे. महाराष्ट्र बारव मोहिमेसारख्या प्रयत्नांतून लोक गाळ उपसत आहेत, झुडपं काढत आहेत, आणि महाशिवरात्रीला अनेक बारवांच्या पायऱ्यांवर दिव्यांच्या रांगा लागतात. हे काम फार मोलाचं आहे.

याला जोड देता येईल ती नळाच्या विहिरीची. आपल्या गावोगावच्या नळयोजनांपैकी कित्येकींचं पाणी विहिरीतूनच उपसलं जातं. ती विहीर गावाबाहेर ओढ्याकाठी असते, तिच्यावर सिमेंटचं झाकण आणि शेजारी पंपाची खोली. गावातल्या निम्म्या मुलांनी ती पाहिलेलीही नसते. खरं तर सजवायची ती हीच. पोळ्याला मातीचे बैल करायला जिथून माती आणतो, तिथूनच चौकटीसाठी माती आणता येईल. भाद्रपदात गौरींसाठी तेरडा येतो तेव्हा माळावर, बांधावर फुलांचा सुकाळ असतो. झेंडू, गोकर्ण, कण्हेर परसात असतात. लाल माठाची पानं आहेत, हळद आहे, राळ्याचे आणि ज्वारीचे दाणे आहेत. रांगोळीत तरबेज बायका प्रत्येक गल्लीत आहेत. शाळेने पुढाकार घ्यावा, ग्रामपंचायतीने जागा साफ करून द्यावी आणि विषय मुलांनीच निवडावा. ओढ्यातला खंड्या चालेल, खेकडा चालेल, साती आसरा चालतील, नळावर भांडी लावून बसलेल्या बायकाही चालतील. फुलं गोळा करताना मुलं ओढ्यापर्यंत चालत जातील आणि तिथे प्लॅस्टिक साचलेलं दिसलं तर मोठ्यांना त्याचा जाब विचारतील. येत्या भाद्रपदात एका तरी गावाने हे करून पाहावं.