कूलर बंद करा, मग माइकचं बघू

"दादा, पॉडकास्ट सुरू करायचाय, माइक कोणता घेऊ?" हा मेसेज मला आठवड्यातून एकदा तरी येतो. विचारणारा बहुतेक कॉलेजात असतो, खिशात दोन-तीन हजार असतात आणि डोळ्यांसमोर मोठ्या यूट्यूबरसारखा चकचकीत माइक असतो. उत्तर देतो, पण आधी माझ्याकडच्या एका फाइलबद्दल सांगतो.

माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांची मिल, 1 जानेवारी 1877ला सुरू झालेली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं होतं, म्हणून ते नाव. आज तिथं मॉल आहे. आजोबांचं आयुष्य कताई खात्यात गेलं, त्यामुळे कानानं कमी ऐकू यायचं आणि बोलणं खणखणीत. चार वर्षांपूर्वी मी ठरवलं की त्यांच्या मिलच्या गोष्टी रेकॉर्ड करायच्या. मे महिना, दुपारचे दोन. फोन टीपॉयवर ठेवला. कूलर बंद करायला उठलो, तर म्हणाले, "काहून बंद करून राहिला बे? मारतो का मले?" हसलो आम्ही, आणि कूलर तसाच राहिला. 47 मिनिटं बोलले. दिवाळीच्या आधी गेले.

त्या फाइलमध्ये 31व्या मिनिटाला ते त्यांच्या जोडीदाराचं नाव घेतात. शेजारच्या मशीनवर काम करायचा, यांच्या वाट्याची पाळीही कधी कधी करायचा. ते नाव 'स'नं सुरू होतं की 'श'नं, मला आजपर्यंत कळलेलं नाही.

असं का झालं? कूलरचा आवाज एका पट्टीतला नसतो. मोटरची घरघर खाली, पाण्याची टपटप मध्ये आणि वाऱ्याचा सळसळाट पार वरपर्यंत. आपली स, श, फ ही अक्षरंही वाऱ्याचीच बनतात. 'स'चा जोर साधारण 4 ते 8 किलोहर्ट्झच्या आसपास असतो, आणि नेमका तिथंच कूलर बसलेला. ऑडॅसिटीत नॉइज रिडक्शन लावलं, तर कूलरबरोबर 'स'ही गेला. आजोबा हौदात बसून बोलतायत असं वाटायला लागलं.

मग एआयवाली टूल्स लावून बघितली. आवाज एकदम स्टुडिओसारखा झाला! पण एका टूलमधून एक नाव ऐकू आलं, दुसऱ्यातून दुसरंच. म्हणजे ते नाव आजोबांनी घेतलेलंच नव्हतं. जिथं माहितीच नाही, तिथं सॉफ्टवेअरनं अंदाजानं काहीतरी भरलं. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरच लिहितो, तरी हे पचायला वेळ लागला. मे 2024च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं 56 अंश दाखवले होते, आठवतंय? देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. आत आलेला आकडाच चुकीचा, तर पुढचं ॲप कितीही भारी असून काय उपयोग.

तर माइक. कपड्याला लावायचा साधा वायरवाला कॉलर माइक घ्या, हजाराच्या आसपास मिळतो. तो भारी असतो म्हणून नाही, तो तोंडाजवळ राहतो म्हणून. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलनं पडतो. माझा फोन आजोबांपासून तीन फुटांवर होता. तोच हनुवटीखाली एका वितीवर, म्हणजे नऊ इंचांवर असता तर अंतर दोनदा निम्मं झालं असतं, म्हणजे 12 डेसिबलचा फायदा. कूलर तेवढाच राहिला असता आणि आजोबा वर आले असते. फुकटात! महागडा कंडेन्सर माइक टाइल्सच्या हॉलमध्ये दूर ठेवलात, तर तो शेजारच्यांची सिरियलही मन लावून ऐकतो.

पैसे नसतीलच, तर फोनच तोंडाजवळ धरा, फक्त थोडा बाजूला. तळहात तोंडासमोर ठेवून 'भाऊ', 'फक्त', 'पप्पा' म्हणून बघा. हवेचा फटका लागतो ना? तोच माइकवर धप्पकन आदळतो. आपल्या भाषेत अशी अक्षरं पावलोपावली आहेत. आणि फोन एअरप्लेन मोडवर, हे वेगळं सांगायला नको.

खोली लहान घ्या. गादी, उशा, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट. एक टाळी वाजवा. टाळीमागे शेपूट ऐकू आलं तर भिंतीवर गोधडी टांगा. अंडी ठेवायचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवू नका, त्यानं फार काही होत नाही, फक्त आई ओरडते.

उन्हाळ्याचं काय, हा नागपूरकरांचा खरा प्रॉब्लेम. माझी पद्धत अशी: अर्धा तास आधी कूलर फुल्ल, खोली गार करून घ्यायची. मग बंद. दहा-बारा मिनिटं रेकॉर्ड करायचं, पुन्हा कूलर, पाणी, गप्पा. पुन्हा दहा मिनिटं. पहाटे पाचला करून बघितलं होतं, पण कोकिळेला म्यूट करता येत नाही. आणि प्रत्येक वेळी सुरुवातीला दहा सेकंद कोणीही बोलायचं नाही. खोलीची ती शांतता पुढे नॉइज रिडक्शनला नमुना म्हणून लागते. पहिल्या मिनिटानंतर थांबून इयरफोननं ऐका. मी हे एक मिनिट वाचवलं होतं.

पाहुणा पुण्यात किंवा अमेरिकेत असेल, तर कॉलचा आवाज वापरू नका. दोघांनी आपापल्या फोनवर रेकॉर्ड करायचं, सुरुवातीला मोजून एक टाळी, नंतर दोन्ही टाळ्या जुळवायच्या. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून. एडिटिंग ऑडॅसिटीत, फुकट. शेवटी लाउडनेस नॉर्मलायझेशन, उणे 16 एलयूएफएस, म्हणजे एसटीत ऐकणाऱ्याला सारखं आवाजाचं बटण दाबावं लागत नाही.

मागच्या महिन्यात आजीला रेकॉर्ड केलं. आतल्या खोलीत, गाद्यांच्या ढिगाशेजारी, पदराला कॉलर माइक लावून. कूलर बंद केल्यावर तीही कुरकुरली, पण दहा मिनिटांचं कबूल केलं होतं. मिलमधल्या त्या जोडीदाराचं नाव विचारलं. "नाव नाही बा माहीत," म्हणाली, "आमी त्याले मास्तर म्हनो. लेकराईले पाढे शिकवे." तेवढंच मिळालं. मध्ये एकदा कुकरची शिट्टी आलीये, ती काढलेली नाही.