मोफत तपासणीची किंमत



‘संधी खर्च’ ही संकल्पना आपण व्याख्येपुरती पाठ करतो. तिचा अर्थ प्रत्यक्ष पाहावयाचा असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रांगेत बसलेल्या गर्भवती शेतमजूर स्त्रीकडे पाहावे. तिला तपासणीचे शुल्क द्यावे लागत नाही; परंतु तिची त्या दिवसाची मजुरी बुडते, जाण्यायेण्याचे भाडे पडते आणि सोबत आलेल्या सासूचाही रोज जातो. सोनोग्राफीसाठी तालुक्याला जावे लागले, तर हाच खर्च दुसऱ्यांदा होतो.

शासनाने प्रत्यक्ष खर्चाचा भार निश्चितच हलका केला आहे. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयातील प्रसूती, औषधे, चाचण्या व वाहतूक निःशुल्क केली. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत दर महिन्याच्या ९ तारखेला दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतील महिलांची तपासणी होते.

याचे फलित काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण २०१५-१६ मधील ७८.९ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्क्यांवर गेले. मात्र किमान चार प्रसूतिपूर्व तपासण्या झालेल्या माता ५८.१ टक्केच होत्या. लोहयुक्त गोळ्या १८० दिवस घेणाऱ्या केवळ २६ टक्के, तर रक्तक्षयग्रस्त गर्भवती ५२.२ टक्के आढळल्या.

या तफावतीचे एक महत्त्वाचे कारण संधी खर्चात आहे. प्रसूतीसाठी एकदाच जावे लागते, तपासणीसाठी पुनःपुन्हा. प्रसूतीची निकड सर्वांना दिसते. रक्तक्षय मात्र निमूटपणे वाढतो आणि प्रसूतीच्या वेळी रक्तस्राव झाल्यास तोच जिवावर बेततो. दवाखान्यातील प्रसूती वाढली म्हणजे मातृत्व सुरक्षित झाले, असा निष्कर्ष म्हणूनच अपुरा ठरतो.

बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई हे २०१७ पासूनच्या प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचे एक उद्दिष्ट आहे. पहिल्या अपत्यासाठी तिच्यात पाच हजार रुपये मिळतात. तथापि, रोख रक्कम अंतर कमी करीत नाही. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन व लघवीची तपासणी आणि गोळ्यांचे वाटप हे सर्व गावातच, एकाच खेपेत झाले पाहिजे. त्यासाठी उपकेंद्रे आहेत. अंगणवाडीत भरणारा ग्राम आरोग्य व पोषण दिनही आहे. परिचारिकेचे पद रिक्त राहिले किंवा गोळ्यांचा साठा संपला, तर त्या स्त्रीची खेप वाया जाते आणि पुढच्या वेळी ती येईलच, याची शाश्वती उरत नाही.

उद्या आपल्यापैकी काही जण प्रशासनात जातील. कोणतीही सेवा ‘मोफत’ आहे, असे टिपणीत लिहिण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा: ती घेण्यासाठी लाभार्थीला किती दिवसांच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते?